दप्तर आपले, घाई विषाणूची

जानेवारी २०२१ मध्ये देशात करोनाचे लसीकरण सुरू झाले आणि पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड गावोगावी पोचली. चिंपांझीच्या एका ॲडेनोव्हायरसमध्ये करोनाच्या काट्याचे जनुक बसवून ती बनवली आहे, हे तेव्हा अनेकांनी वाचले. त्या जनुकाच्या अलीकडे डीएनएचा आणखी एक तुकडा होता, त्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. तो तिसऱ्याच विषाणूचा, मानवी सायटोमेगॅलोव्हायरसचा होता. त्यातून कोणतेही प्रथिन तयार होत नाही. पण तो नसता, तर पुढचे जनुक जवळजवळ मुकेच राहिले असते.

जनुकाचे काम उताऱ्यावर चालते. मूळ दप्तर तलाठ्याकडेच राहते आणि आपल्या हाती सातबाराचा उतारा येतो. तसेच डीएनए पेशीच्या केंद्रकातच राहते, बाहेर जातो तो आरएनएचा उतारा. त्यावरून प्रथिन घडते. उतारा काढणारे यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज. सुरुवात कुठून करायची, हे त्याला जनुकाच्या तोंडाशी असलेला प्रमोटर सांगतो. उतारे किती निघणार, हे मात्र बऱ्याचदा दुसरीकडेच ठरते.

ते कुठे ठरते, हे विषाणूंनीच आपल्याला दाखवले. १९८१ मध्ये झुरिचमध्ये ज्युलियन बॅनर्जी, सँड्रो रुस्कोनी आणि वॉल्टर शाफनर यांनी सशाच्या हिमोग्लोबिनच्या एका जनुकाला माकडांमधल्या एसव्ही-४० या विषाणूचा तुकडा जोडला. उतारे सुमारे २०० पटींनी वाढले. तुकडा उलटा बसवला, तरी वाढ टिकली. जनुकाच्या मागे, उतारा सुरू होतो त्या जागेपासून डीएनएची तीन हजारांहून अधिक अक्षरे दूर ठेवला, तरीही टिकली. अशा तुकड्याला एन्हान्सर म्हणतात. दोन वर्षांतच आपल्या प्रतिपिंडांच्या जनुकांतही असा एन्हान्सर सापडला. म्हणजे ही युक्ती विषाणूंपुरती नव्हती, ती पेशींचीच रीत होती.

एन्हान्सर स्वतः काही करत नाही. तो फक्त बसायला जागा देतो. ओळीने असलेल्या छोट्या छोट्या अक्षरजुळण्यांवर पेशीचीच प्रथिने येऊन बसतात. ती आणखी सहायकांना बोलावतात. त्यांतले पी-३०० हे प्रथिन डीएनए ज्या हिस्टोनांभोवती गुंडाळलेले असते त्यांवर रासायनिक खुणा करते, तेव्हा घट्ट वळकटी सैल होते. मीडिएटर नावाचा मोठा प्रथिनसमूह एन्हान्सर आणि पॉलिमरेज यांच्यात दुवा साधतो. मधले डीएनए वळसा घेते आणि दूरची जागा प्रमोटरच्या जवळ येते. मग एकामागून एक उतारे निघू लागतात.

या प्रथिनांपैकी एनएफ-कॅप्पा-बी हे रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९८६ मध्ये शोधले. एरवी ते केंद्रकाबाहेर बांधून ठेवलेले असते. संसर्गाची वर्दी मिळाली की बंधन सुटते, ते आत शिरते आणि बचावाची जनुके चालू करते. पुढच्याच वर्षी दिसले, की एचआयव्हीच्या एन्हान्सरमध्येही याच प्रथिनाच्या दोन जागा आहेत. टी-पेशी लढायला उठली, की तिच्यात दडलेला एचआयव्हीही त्याच हाकेने जागा होतो. पेशी शांत असताना तो गप्प बसतो. एचआयव्हीची औषधे विषाणूची वाढ रोखतात, पण अशा गप्प पेशींपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. म्हणून ती आयुष्यभर घ्यावी लागतात.

सायटोमेगॅलोव्हायरसच्या त्या तुकड्यातही एनएफ-कॅप्पा-बीच्या जागा आहेत, एक-दोन नव्हे, अनेक. हा एन्हान्सर किती जोरकस आहे हे १९८५ मध्ये कळले आणि जीवशास्त्रज्ञांनी तो प्रयोगशाळेत कायमचा हाताशी ठेवला. विषाणूने स्वतःच्या प्रती वाढवण्यासाठी घडवलेली ती जागा लसीत आपल्या उपयोगाला आली. दंडात सुई टोचली गेली, तेव्हा तिच्यावर आपल्याच पेशींची प्रथिने येऊन बसली आणि करोनाच्या काट्याचे उतारे निघू लागले. त्यांवरून घडलेले काटे पाहून आपले शरीर खरा करोना येण्याआधीच सावध झाले.