एअर पिस्तूल घेताय? आधी चष्मा घ्या

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून ओपीडीत अधूनमधून विचारणा होते, ‘डॉक्टर, हौस म्हणून कुठले पिस्तूल घेऊ?’ मला आठवतो तो रात्रपाळीत डोळ्यावर रुमाल दाबून आलेला मुलगा. गच्चीवर पत्र्याच्या डब्यावर नेम धरला होता. पोलादी गोळी उलटून आली. डोळा राहिला, दृष्टी गेली.

म्हणून पोलादी गोळ्यांचे पिस्तूल नको. चपट्या तोंडाचे, ४.५ मिलिमीटरचे शिशाचे छर्रे मारणारे घ्या. मऊ शिसे आपटले की चेपते, उसळी कमी घेते. कमी म्हणजे शून्य नव्हे; पॉलिकार्बोनेटचा चष्मा नेमबाजाने घालायचा, तसा बघ्यांनीही. काहींना छर्रे ओठांत धरायची खोड असते. शिसे हे विष आहे. सराव संपला की साबणाने हात धुवायचे, मगच खाणे.

वजनाचे म्हणाल, तर दुकानात हात लांब करून मिनिटभर धरून पाहा. स्पर्धेत दीड किलोपर्यंत चालते, पण खांदा थरथरू लागला तर हलके घ्या. मूठ डाव्या-उजव्या हाताची वेगळी मिळते.

चाळिशी ओलांडलेल्यांची अडचण निराळीच. नळीच्या टोकाची खूण स्पष्ट दिसायला हवी. लक्ष्य पुसट दिसले तरी चालते. वाचायचा चष्मा मात्र पुस्तकाच्या अंतराचा असतो, खूण हातभर लांब. माझेही सुरुवातीचे छर्रे त्यामुळेच भरकटले. डोळ्यापासून त्या खुणेपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि नंबर काढताना नेत्रतज्ज्ञांना सांगा.