गेला तसाच परत आला: ‘स्टेटस रन’ची भानगड नेमकी काय?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून अर्ध्यात सुटला, त्यांच्यासाठी हे लिहून काढलेलं रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याच्या मेसेजवरून निघाला. पुण्याचा मुलगा आहे, आयटीत काम करतो. तो लिहितो, “ताई, यंदा ऑफिसच्या कामासाठी सिंगापूरच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. एअरलाइनचं गोल्ड स्टेटस मिळायला फक्त ६,००० मैल कमी पडतायत, आणि मुदत संपायला दीड महिना राहिलाय. टीममधले सगळे म्हणतात की स्वतःच्या पैशाने एक चक्कर मारून ये, वर्षभर मजा आहे. जाऊ का?”

दादा, उत्तर देते, पण आधी बाकीच्यांना ही भानगड काय ते सांगू दे.

याला म्हणतात ‘स्टेटस रन’. जुनं नाव ‘मायलेज रन’. म्हणजे कुठे पोहोचायचं आहे म्हणून विमानात बसायचं नाही, तर एअरलाइनच्या खात्यात आकडा वाढावा म्हणून बसायचं. सकाळी उडायचं, तिकडे उतरायचं, विमानतळावरच कॉफी प्यायची आणि संध्याकाळी परत. कधीकधी तेच विमान, तीच केबिन क्रू. अमेरिकेत हा प्रकार डिसेंबरमध्ये फार चालायचा, कारण तिथल्या बहुतेक एअरलाइनचं हिशेबाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नव्वद टक्के घोळ तिथेच होतो. एअरलाइनच्या ॲपमध्ये दोन वेगळे आकडे असतात. एक म्हणजे खर्च करायचे मैल. ते साठवा, त्यावर तिकीट काढा, संपले की संपले. किराणा दुकानाच्या कुपनासारखं. दुसरा आकडा स्टेटसचा. तो खर्च करता येत नाही, फक्त मोजला जातो, आणि वर्ष संपलं की पुन्हा शून्यावर. कॉलेजची हजेरी आठवा! टर्म संपत आली की ७५ टक्के भरायला आपण कुठल्याही लेक्चरला जाऊन मागच्या बाकावर बसायचो ना? सर काय शिकवतायत याच्याशी देणंघेणं नाही, सही झाली पाहिजे. स्टेटस रन म्हणजे तेच, फक्त आकाशात आणि पैसे मोजून.

क्रेडिट कार्डवर मिळणारे पॉइंट बहुतेक वेळा पहिल्या खात्यात जातात. त्यामुळे “माझ्याकडे दोन लाख मैल आहेत आणि तरी लाउंजमध्ये सोडत नाहीत” अशी तक्रार करणारे बरेच भेटतात.

हे सुरू कसं झालं? अमेरिकेत १९७८ पर्यंत विमानाचं भाडं आणि मार्ग सरकार ठरवायचं. त्या वर्षी कायदा बदलला, बाजार मोकळा झाला आणि भाड्याचं युद्ध पेटलं. सगळ्यांच्या खुर्च्या सारख्या, जेवण सारखंच बेचव, मग गिऱ्हाईक टिकवायचं कसं? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हांटेज’ नावाची योजना आणली आणि पाठोपाठ बाकीच्यांनीही आणल्या. यातली खरी मेख बघा. बिझनेसच्या तिकिटाचे पैसे देते कंपनी, आणि मैल जमा होतात कर्मचाऱ्याच्या नावावर. म्हणजे एअरलाइन निवडणारा माणूस आणि पैसे भरणारा माणूस वेगळे. थोडं महाग तिकीट असलं तरी माणूस ‘आपल्या’ एअरलाइनचंच काढतो, कारण बिल त्याचं नाही आणि फायदा त्याचा आहे. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतल्या सर्वांत हुशार मार्केटिंग कल्पनांमध्ये ही बसेल.

पण या योजनेत एक भोक राहून गेलं. हिशेब अंतरावर होता. न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस सुमारे २,४७५ मैल. तुम्ही १,००० डॉलर देऊन गेलात काय किंवा सेलमध्ये २०० डॉलरला गेलात काय, तेवढेच मैल. मग हुशार लोक कामाला लागले. कुठे भाडं कोसळलंय, कुठल्या वेड्यावाकड्या मार्गाने गेलं तर अंतर वाढतं, एका मैलामागे किती सेंट पडतात, हे कागदावर मांडून तिकिटं काढायची. सरळ तीन तासांचा प्रवास असताना दोन ठिकाणी विमान बदलून दिवसभर फिरायचं.

या वेडाची सगळ्यात गाजलेली गोष्ट तर विमानाबाहेरची आहे. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स या इंजिनिअरने एका खाद्यपदार्थाच्या पाकिटांवरची ऑफर वाचली. इतकी पाकिटं घ्या, इतके मैल मिळवा. त्याने हिशेब केला आणि पुडिंगचे १२,१५० कप उचलले. खर्च सुमारे ३,००० डॉलर, मिळाले साडेबारा लाख मैल. शिवाय दहा लाखांचा टप्पा ओलांडल्याने अमेरिकन एअरलाइन्सचं आयुष्यभराचं गोल्ड! पुडिंग त्याने दान केलं. ‘पंच-ड्रंक लव्ह’ हा २००२ चा सिनेमा पाहिला असेल तर त्यातला पुडिंगवाला भाग इथून आलाय.

युरोपातला खेळ जरा वेगळा होता. ब्रिटिश एअरवेजमध्ये स्टेटसचे वेगळे पॉइंट होते. गोल्डला १,५०० लागायचे आणि २,००० मैलांहून लांबच्या बिझनेस क्लास उड्डाणाला एका बाजूचे १४० मिळायचे. लंडनहून सुरू होणारं बिझनेसचं तिकीट महाग, पण युरोपातल्या दुसऱ्या शहरातून सुरू केलं तर पुष्कळदा स्वस्त. म्हणून लंडनचा माणूस आधी स्वस्तातल्या विमानाने त्या शहरात जायचा आणि तिथून लंडनमार्गेच पुढे उडायचा. आपल्याकडे द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच.

एअरलाइन काही आंधळ्या नसतात. हळूहळू भोक बुजवायला सुरुवात झाली. २०१४ पासून डेल्टा आणि युनायटेड यांनी अंतरासोबत खर्चाचीही अट घातली. डेल्टाने २०२४ पासून अंतर काढूनच टाकलं, फक्त खर्च. त्यावर लोक इतके भडकले की कंपनीला काही बाकीच्या अटी सैल कराव्या लागल्या. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून तेच केलं, आता गोल्डला २०,००० पॉइंट लागतात आणि मोजदाद मुख्यतः तुम्ही किती पाउंड खर्च केले त्यावर. एअर इंडियाही २०२४ मध्ये अंतराकडून खर्चाकडे वळली, नंतर त्या योजनेचं नाव ‘महाराजा क्लब’ झालं. खर्चावर मोजणी आली की स्वस्त तिकिटाची चलाखी संपते. तुम्ही जितके पैसे द्याल तितकंच मिळणार.

म्हणजे हा खेळ आता उरलाय तो जिथे अजून अंतर मोजतात तिथे. आणि आपल्या दादाचा कार्यक्रम तसाच आहे: सिंगापूर एअरलाइन्सचा ‘क्रिसफ्लायर’. १२ महिन्यांत ५०,००० एलिट मैल झाले की एलिट गोल्ड. त्यातून स्टार अलायन्स गोल्डही मिळतं, म्हणजे एअर इंडिया, लुफ्तान्सा, युनायटेड अशा भागीदार एअरलाइनवरही लाउंज, लवकर चेक-इन, लवकर बोर्डिंग आणि जास्तीचं सामान. जिथे वजनाचा हिशेब चालतो तिथे २० किलो, जिथे नगाचा हिशेब तिथे एक बॅग जास्त. अमेरिकेला पोरांना भेटायला जाणाऱ्या आईबाबांना विचारा एका जादा बॅगेची किंमत! लोणचं, भाजणी, गोडा मसाला सगळं त्यात जातं. पण थांबा, ही बॅग मिळते कार्डधारकाला. आईबाबांना नाही.

आता हिशेब. मुंबई ते सिंगापूर सुमारे २,४३० मैल, जाऊन-येऊन ४,८६०. दादाला हवेत ६,०००. म्हणजे पूर्ण मैल मिळाले तरी ‘एक चक्कर’ पुरत नाही. आणि पूर्ण मिळतच नाहीत! सर्वांत स्वस्त इकॉनॉमी तिकिटावर अंतराच्या निम्मेच मैल जमा होतात. म्हणजे एका फेरीला २,४३०. दोन फेऱ्यांनी ४,८६०, अजून कमीच. तीन फेऱ्या लागतील. दीड महिन्यात तीन वीकएंड. समजा सेलमध्ये एक फेरी २८,००० रुपयांना पडली, तर ८४,००० रुपये झाले. टीममधल्यांनी हा गुणाकार केला नसणार.

बरं, यात आपल्या पासपोर्टचाही प्रश्न आहे, जो अमेरिकन किंवा ब्रिटिश माणसाला पडतच नाही. भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. आणि सलग तीन शनिवार चार तासांसाठी का येताय, हे इमिग्रेशनच्या काउंटरवर समजावून सांगायची तयारी ठेवा. “मैल कमी पडत होते” हे खरं उत्तर आहे, पण ऐकणाऱ्याला ते खरं वाटेलच असं नाही.

जुने खेळाडू इथे काय करतात? ते एकाच तिकिटावर लांब जातात. सिंगापूरवरून टोकियो घेतलं तर? सिंगापूर-टोकियो साधारण ३,३०० मैल. पूर्ण जाण्यायेण्याचे निम्मे मैल धरले तर ५,७५० च्या आत-बाहेर. अडीचशेच्या आसपास मैलांनी हुकलं! सिडनी घेतलं तर सिंगापूर-सिडनी साधारण ३,९१०, म्हणजे सगळे मिळून १२,६८० आणि त्याचे निम्मे ६,३४०. बसलं. एका प्रवासात काम झालं, आणि सिंगापूरला विमानतळाच्या आतच विमान बदललं तर तिथला व्हिसाही नको. ऑस्ट्रेलियाचा मात्र लागेल, आणि तो वेळेत मिळेल का हे आधी बघा. तिकीट काढण्याआधी त्या विशिष्ट भाड्यावर किती टक्के एलिट मैल आहेत ते ॲपमध्ये वाचा. कोणाच्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, नियम बदलत राहतात.

इतकं सगळं करायची ओढ का लागते? अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॉफीच्या कार्डांचा प्रयोग आहे. दहा कॉफी घ्या, एक फुकट. दिसलं असं की फुकटची कॉफी जवळ येऊ लागली की लोक भराभर कॉफी प्यायला लागतात. एका गटाला बारा घरांचं कार्ड दिलं, पण दोन घरांवर आधीच शिक्के मारून. विकत घ्यायच्या कॉफी दहाच, तरी या गटाने कार्ड लवकर भरलं. ५०,००० पैकी ४४,००० झालेत म्हटल्यावर आपल्या दादाला जी खाज सुटलीय ती हीच. ॲपमधला तो गोल पट्टा जवळजवळ भरलेला दाखवतात ना, तो उगाच तसा काढलेला नसतो.

आणि एअरलाइनसाठी ही योजना म्हणजे निव्वळ कौतुकाचा हार नाही, धंदा आहे. २०२० मध्ये विमानं जमिनीवर असताना युनायटेडने आपला मायलेज कार्यक्रम तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. विमानं उडत नव्हती, पण मैलांवर कर्ज मिळत होतं!

दुसऱ्या बाजूचंही सांगते. ब्रिटनच्या हवामान बदल समितीसाठी २०१९ मध्ये झालेल्या एका अहवालात अशा मैल योजनांवर बंदी घालावी अशी शिफारस होती, कारण स्टेटस टिकवायला लोक गरज नसताना उडतात. नॉर्वेने तर देशांतर्गत विमानप्रवासावर पॉइंट देणंच २००२ ते २०१३ बंद ठेवलं होतं. तिथलं कारण हवामान नव्हतं, स्पर्धा होती: मोठी एअरलाइन पॉइंटच्या जोरावर नव्या कंपनीला उभं राहू देत नाही म्हणून. “विमान तर तसंही जाणारच होतं” असं म्हणणारे भेटतील. एका माणसापुरतं ठीक आहे, पण खुर्च्या भरलेल्या दिसल्या की एअरलाइन पुढच्या मोसमात फेरी वाढवते, इतकं तर एसटीच्या डेपो मॅनेजरलाही कळतं.

धोका अजून एक आहे आणि तो आपण मुंबईत जवळून पाहिलाय. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं. जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती, त्यामुळे मैल वाचले, पुढे इंटरमाइल्स नावाने चालू राहिले. पण ज्यांनी धावाधाव करून प्लॅटिनम मिळवलं होतं त्यांचं कार्ड दाखवायला काउंटरच उरला नाही. त्याआधी २०१२ मध्ये किंगफिशरचंही तेच झालं होतं.

तर दादा, तुझं उत्तर. तीन फेऱ्या मारू नकोस, सरळ सांगते. पुढच्या वर्षी तुझा प्रोजेक्ट सिंगापूरचाच राहणार आहे का, हे आधी मॅनेजरला विचार. तो संपणार असेल तर गोल्ड कार्ड वर्षभर पाकिटात पडून राहील, कारण स्टेटस वापरायलाही उडावंच लागतं. आणि कंपनी बिझनेस क्लास देत असेल तर लाउंज तुला तसाही आहे. चांगीवर तर बिझनेसवाल्यांचा सिल्व्हरक्रिस लाउंज वेगळा आणि गोल्डवाल्यांचा वेगळा. पुढच्या वर्षी स्वतःच्या खर्चाने इकॉनॉमीने आठ-दहा वेळा स्टार अलायन्सवर उडणार असशील तर मग सिडनीचं भाडं बघ, आणि जाणारच असशील तर चार दिवस रजा टाकून जा. ऑपेरा हाउस बघ, समुद्रावर जा. ६,००० मैल तेव्हाही तेवढेच मिळतात. आणि हो, गोल्ड मिळालं तरी १२ महिन्यांनी टिकवायला पुन्हा ५०,००० लागणार आहेत, तेव्हा पुढच्या वर्षी याच सुमारास मला पुन्हा मेसेज करू नकोस म्हणजे झालं.

पुढच्या भागात बोलू क्रेडिट कार्डवरच्या ‘फुकट’ लाउंजबद्दल, आणि ते आता फुकट का राहिले नाहीत त्याबद्दल. प्रश्न पाठवत राहा. येते!