बाबेलहून यरुशलेमेची वाट

एज्रा शास्त्र्यास बाबेलहून यरुशलेमेस पोहोंचावयास चार महिने लागले, असें पवित्र शास्त्रांत वाचून पुष्कळ विद्यार्थ्यांस नवल वाटतें. वाचकांनीं नकाशा पुढें घ्यावा, अशी आमची विनंती आहे. सरळ रेघ साडेपांचशें मैलांच्या आंतच भरेल. पण ती रेघ वाळवंटांतून जाते, आणि बायकामुलांच्या तांड्यास तेथें पाणी कोठून मिळावें? म्हणून फरात नदीच्या कांठाकांठानें वायव्येस चढावयाचें व मग सिरियांतून दक्षिणेस उतरावयाचें. ही वाट सुमारें नऊशें मैलांची होते.

याच वाटेनें सैन्येंही येत. समुद्र व वाळवंट यांमधील चिंचोळ्या पट्टींत यहूदाचें लहानसें राज्य होतें. मिसर व बाबेल यांचे तंटे त्याच्याच दारांत व्हावयाचे. इ. स. पूर्वीं ५८६ च्या सुमारास नबुखद्नेस्सरानें यरुशलेमेचें मंदिर जाळलें व लोकांस धरून नेलें.

पुढें ५३९ त इराणच्या कोरेश राजानें बाबेल घेतलें. त्याचा मातीवरील एक लेख इ. स. १८७९ त तेथें सांपडला. तो ब्रिटिश म्युझियममध्यें आहे. त्यांत यहूद्यांचें नांव नाहीं, हें आम्ही मुद्दाम सांगतों. परंतु निरनिराळ्या गांवांच्या देवमूर्ति त्यांच्या स्थानीं परत पाठविल्याचें लिहिलें आहे. यहूद्यांस मूर्ति नव्हतीच; शास्त्राप्रमाणें त्यांस मंदिरांतील सोन्यारुप्याचीं पात्रें मिळालीं. पुष्कळजण मात्र परतलेच नाहींत. त्यांचीं घरेंदारें आतां बाबेलांत होतीं.