रुपेरी पानांचे बेगोनिया : वर्णवैचित्र्याचे कारण आणि जोपासना

शोभेच्या ज्या वनस्पती फुलांसाठी नव्हे तर केवळ पानांसाठी वाढविल्या जातात, त्यांमध्ये बेगोनिया वंशातील रुपेरी पानांच्या प्रकारांचे स्थान फार वरचे आहे. चांदीचा वर्ख लावावा तसे दिसणारे हे पान प्रथमच पाहणाऱ्याच्या मनात सहजच प्रश्न उभा राहतो की, ही चकाकी येते कोठून? रुपेरी भागात हरितद्रव्य नसते, तो पानाचा निस्तेज झालेला भाग होय आणि म्हणून अशी झाडे मूळचीच दुर्बळ असतात, असे उत्तर पुष्कळदा दिले जाते. बागकामाच्या दृष्टीनेही या उत्तराचे परिणाम दूरवर पोचतात. हरितद्रव्याची उणीव भरून काढण्यासाठी झाडास अधिक प्रकाश द्यावा, असा सल्ला त्यातून निघतो आणि त्या सल्ल्यानुसार वागल्यास झाड हमखास बिघडते. म्हणून प्रस्तुत लेखात आधी रुपेरी रंगाच्या कारणाचा विचार करून, नंतर त्याच्या आधारे जोपासनेची तत्त्वे मांडावयाची आहेत.

वंशाचा परिचय

बेगोनिया हा सपुष्प वनस्पतींमधील अतिविशाल वंशांपैकी एक असून आज त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. आशिया, आफ्रिका आणि अमेरिका या तिन्ही खंडांच्या उष्ण व दमट प्रदेशांत त्या पसरलेल्या आहेत. वेस्ट इंडीज बेटांतील वनस्पतींचा अभ्यास करणारे फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल प्ल्यूमिये यांनी मिशेल बेगाँ या फ्रेंच प्रशासकाच्या सन्मानार्थ हे नाव योजिले आणि १७५३ मध्ये लिनीअस यांनी ते कायम केले.

या वंशाची लक्षणे सहज ओळखता येण्याजोगी आहेत. फुले एकलिंगी, परंतु नर व मादी फुले एकाच झाडावर. किंजपुट अधःस्थ व बहुधा तीन पंखांचा. बी धुळीसारखे बारीक. आणि कोशिकारसात ऑक्झॅलिक अम्लाचा अंश असल्यामुळे देठाची चव आंबट. सर्वांत ठळक लक्षण म्हणजे पानाची असममिती. मध्यशिरेच्या एका बाजूचा अर्धा भाग दुसऱ्या बाजूपेक्षा मोठा असतो आणि लागोपाठच्या दोन पानांमध्ये ही मोठी बाजू आलटून पालटून येते. त्यामुळे शेजारची दोन पाने एकमेकांच्या आरशातील प्रतिबिंबासारखी भासतात.

आपल्या सह्याद्रीतही हा वंश आढळतो. बेगोनिया क्रेनाटा आणि कोकणाचेच नाव धारण करणारी बेगोनिया काँकानेन्सिस या जाती पावसाळ्यात ओल्या कड्यांवर व खडकांच्या कपारींत उगवतात. पावसाळा सरला की त्यांचा वरचा भाग सुकून जातो व जमिनीत केवळ ग्रंथिक्षोड शिल्लक राहते. रुपेरी पानांच्या ज्या बेगोनियांचा येथे विचार करावयाचा आहे, त्यांपैकी बहुतेकांची प्रकृती मात्र वेगळी आहे. ते मूलक्षोडाच्या साह्याने वाढतात व त्यांना बारमाही ओलावा लागतो. हा भेद पुढे जोपासनेच्या संदर्भात महत्त्वाचा ठरेल.

रेक्स आणि तिची संतती

या गटाची मूळ जननी बेगोनिया रेक्स ही होय. ती आसामच्या दमट अरण्यांतील असून तिचा प्रसार पूर्वेस दक्षिण चीनपर्यंत आहे. तिचे शास्त्रीय वर्णन बेल्जियममधील झ्यूल पुत्सेज यांनी १८५७ मध्ये प्रसिद्ध केले. पान तिरपे, हृदयाकृती, गर्द हिरवे. कडेपासून थोडे आत आणि कडेला समांतर असा रुंद रुपेरी पट्टा. खालची बाजू तांबूस, असे तिचे रूप आहे. लॅटिनमधील रेक्स म्हणजे राजा. हे नाव तिला शोभून दिसते. युरोपातील रोपवाटिकांनी अल्पावधीतच इतर आशियाई जातींशी तिचा संकर घडवून आणला. बोर्निओतील बेगोनिया डायडेमा या जातीच्या संकरातून खोल दातेरी पानांचे प्रकार निघाले. या सर्व संकरजांना आज ‘रेक्स-कल्टोरम’ असे सामुदायिक नाव आहे.

रुपेरी रंग हा केवळ रेक्सचाच वारसा आहे असे मात्र नाही. मेक्सिकोतील बेगोनिया इंपीरिअलिस, तसेच ब्राझीलमधील ठिपकेदार पानांच्या बेगोनिया मॅक्युलाटा व बेगोनिया आल्बोपिक्टा यांच्या पानांवरही तो दिसतो. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या जातींमध्ये एकच गुण आढळावा, ही गोष्ट त्या गुणाच्या उपयुक्ततेविषयी कुतूहल जागे करते.

रुपेरी रंगाचे कारण

पानांवरील वर्णवैचित्र्याची कारणे अनेक असतात. काही वनस्पतींत पांढऱ्या भागातील कोशिकांत हरितद्रव्य खरोखरच नसते. क्रोटन किंवा मनीप्लँट यांच्या फिकट पट्ट्यांत हेच आढळते. काहींत दाट केसांचे आवरण पानास पांढुरके करते. बेगोनिया वंशातच ब्राझीलमधील बेगोनिया व्हेनोसा हिचे पान असे आहे. त्यावरील रुपेरी थर नखाने हलकेच खरवडला तर निघून येतो. तिसरे कारण म्हणजे अपित्वचेखालील हवेच्या पोकळ्या. या प्रकाराचा पद्धतशीर अभ्यास जपानमधील हारा यांनी करून तो १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. रेक्स व तिच्यासारख्या बेगोनियांची चांदी या तिसऱ्या वर्गात मोडते.

पानाच्या हिरव्या भागात अपित्वचेच्या कोशिका आणि त्यांच्या खालील हरितद्रव्ययुक्त कोशिका एकमेकींना घट्ट भिडलेल्या असतात. रुपेरी भागात त्या तशा भिडलेल्या नसून त्यांच्यामध्ये हवेने भरलेल्या आंतरकोशिकी पोकळ्या राहतात. हवेचा प्रणमनांक सुमारे १·० व ओल्या कोशिकाभित्तीचा सुमारे १·४ आहे. या दोन माध्यमांच्या सीमेवर लंबरूपाने पडणाऱ्या प्रकाशापैकी साधारण शेकडा ३ भाग परावर्तित होतो. कोशिकेतून हवेकडे तिरपा जाणारा किरण सुमारे ४६ अंशांहून अधिक कोनात आला, तर तो पूर्णपणेच परावर्तित होतो. अशा सूक्ष्म व वेड्यावाकड्या असंख्य सीमा एकत्र आल्या म्हणजे त्यांचा एकत्रित परिणाम रुपेरी चमकेच्या रूपाने दृष्टीस पडतो. काच पारदर्शक असते, परंतु तिचा चुरा पांढरा दिसतो. तोच चुरा पाण्यात बुडविला की पुन्हा जवळजवळ दिसेनासा होतो. बेगोनियाच्या पानात घडते ते याच जातीचे आहे. येथे रुपेरी रंगाचे कोणतेही द्रव्य नसून ती प्रकाश व हवा यांची किमया आहे.

या विवेचनाची पडताळणी प्रयोगशाळेत सहज करता येते. सुई काढलेल्या पिचकारीत पाणी घेऊन त्यात रुपेरी पानाचा सुमारे १ सें. मी. लांबीरुंदीचा तुकडा टाकावा व हवा बाहेर काढून टाकावी. नंतर तोंड बोटाने बंद करून दट्ट्या मागे ओढावा, काही सेकंद धरून ठेवावा आणि सोडावा. असे चार-सहा वेळा केल्यास पोकळ्यांतील हवा निघून तेथे पाणी शिरते. तुकडा पाण्यात बुडू लागतो आणि पाहता पाहता त्याची चांदी नाहीशी होऊन तो भाग शेजारच्या भागासारखा हिरवा दिसू लागतो. हरितद्रव्य मुळातच नसते, तर केवळ पाणी शिरल्याने ते उत्पन्न झाले नसते.

दुसरा पुरावा अभिवृद्धीतून मिळतो. सान्सेव्हिएरियाच्या ‘लॉरेंटी’ या प्रकाराच्या पानाच्या तुकड्यापासून नवे झाड केले, तर त्याची पिवळी किनार नष्ट होते; कारण तो प्रकार भिन्न आनुवंशिक घडणीच्या ऊतकांचे मिश्रण असून नवा अंकुर त्यांपैकी एकाच ऊतकापासून निघतो. रेक्स बेगोनियाच्या पानावर अंकुर फुटतात ते अपित्वचेच्या कोशिकांपासून. तरीही नव्या झाडाच्या पानांवर मूळची नक्षी जशीच्या तशी उमटते. याचा अर्थ असा की, नक्षीचा आराखडा प्रत्येक कोशिकेच्या आनुवंशिक द्रव्यातच असतो आणि पान वाढत असताना तो प्रत्येक वेळी नव्याने साकार होतो.

हानी की लाभ?

परावर्तित झालेला प्रकाश झाडाच्या उपयोगी पडत नाही. अरण्याच्या तळाशी, जेथे प्रकाश आधीच तुटपुंजा, तेथे ही उधळपट्टी झाडास परवडते कशी? तैवानमधील संशोधकांनी २०१२ मध्ये अनेक बेगोनियांच्या एकाच पानावरील हिरव्या व रुपेरी भागांची तुलना केली. दोन्ही भागांतील हरितकण सुस्थितीत असल्याचे आणि त्यांची प्रकाशरासायनिक कार्यक्षमता जवळपास सारखीच असल्याचे त्यांना आढळले. अर्थात, चांदीची किंमत झाडास फारशी मोजावी लागत नाही.

तिचा लाभ काय, हा प्रश्न अधिक अवघड आहे. कॅलेडियमच्या एका जातीवर इक्वाडोरमध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पांढऱ्या ठिपक्यांची नक्कल साध्या हिरव्या पानांवर रंगाने केली, तेव्हा पाने पोखरणाऱ्या अळ्यांचा उपद्रव पुष्कळच घटला. पान आधीच पोखरलेले आहे असे समजून मादी पतंग तेथे अंडी घालण्याचे टाळीत असावी, असा त्यावरून तर्क केला गेला. बेगोनियाच्या बाबतीत असा तर्क संभवनीय असला, तरी एका वनस्पतीवरील निष्कर्ष दुसरीवर लादणे शास्त्रशुद्ध नव्हे. पानाच्या खालच्या तांबड्या रंगाविषयीही असेच म्हणता येईल. तो रंग प्रकाश पुन्हा वर फेकतो हे जुने मत आज सर्वमान्य राहिलेले नाही.

जोपासना

वरील विवेचनावरून पहिले तत्त्व निष्पन्न होते ते असे की, रुपेरी बेगोनिया ही छायेतील सुदृढ वनस्पती आहे; प्रकाशाची भुकेली, दुबळी वनस्पती नव्हे. तिला उजेड हवा, परंतु ऊन नको. मध्यान्हीचे ऊन सुमारे १०,००० फूट-कँडल असते. या झाडांना १,५०० ते २,००० फूट-कँडल पुरेसे होतात. कडक उन्हात पान करपते. उलट अंधारात देठ लांबतात व नक्षी मलूल होते. पूर्वेकडील खिडकी किंवा सावलीच्या जाळीखालील मांडव उत्तम.

दुसरे तत्त्व मुळांविषयीचे आहे. मूलक्षोड जमिनीच्या पृष्ठालगत पसरते व मुळे उथळ असतात. म्हणून कुंडी खोल नसून पसरट असावी. कुजलेल्या पानांचे खत दोन भाग, पोयट्याची माती एक भाग, जाड वाळू एक भाग आणि थोडा कोळशाचा चुरा असे भुसभुशीत मिश्रण घ्यावे. मूलक्षोड मातीत पुरू नये. पुरल्यास ते कुजते. पाण्याच्या अभावापेक्षा त्याच्या अतिरेकानेच ही झाडे अधिक मरतात. वरची माती बोटास कोरडी लागेल तेव्हाच पाणी द्यावे, आणि तेही सकाळी. थंडीत वाढ मंदावते. तेव्हा पाणी कमी करावे व खत बंद ठेवावे. तथापि सह्याद्रीतील ग्रंथिक्षोडाच्या जातींप्रमाणे त्यांना पूर्ण कोरडे पडू देणे मात्र घातक होय.

तिसरे तत्त्व हवेतील आर्द्रतेचे. १८ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि शेकडा ५० हून अधिक आर्द्रता त्यांना मानवते. महाबळेश्वर, माथेरान यांसारख्या ठिकाणी हे सहज साधते. पुणे किंवा नागपूरकडील चैत्र-वैशाखात मात्र पानांच्या कडा वाळू लागतात. अशा वेळी कुंड्या एकमेकींजवळ, ओल्या वाळूने भरलेल्या परातीत ठेवाव्यात. पानांवर वारंवार पाणी शिंपडून आर्द्रता वाढविण्याचा मोह टाळावा. साचलेल्या पाण्यामुळे करपा व कूज बळावते; शिवाय दख्खनमधील पुष्कळ विहिरींचे पाणी क्षारयुक्त असल्याने वाळल्यावर पानावर पांढरे डाग राहतात आणि खऱ्या चांदीला खोट्या चांदीची बाधा होते. भुरी रोग, पिठ्या ढेकूण आणि पानांतील सूत्रकृमी हे मुख्य शत्रू होत. सूत्रकृमींचे डाग शिरांच्या मर्यादेत राहतात. अशी पाने तत्काळ काढून जाळावीत.

अभिवृद्धीसाठी पूर्ण वाढलेले, निरोगी पान घ्यावे. खालच्या बाजूने मुख्य शिरांना धारदार पात्याने आडवे छेद द्यावेत आणि पान ओल्या वाळूवर सपाट ठेवून बारीक खड्यांनी दाबावे. वर काच झाकावी. छेदाच्या जागी मुळे व नंतर अंकुर फुटतात. शिरेचा अंश असलेले त्रिकोणी तुकडेही चालतात. एका पानापासून अशी डझनावारी रोपे मिळतात. या सुलभतेला आणखी एक महत्त्व आहे. बेगोनियाच्या पुष्कळ जाती एखाद्या दरीपुरत्या किंवा कड्यापुरत्याच मर्यादित असतात. संग्राहकाने तेथून मूलक्षोड उपटून आणले, तर त्या जागची जात कायमची नष्ट होण्याचा धोका असतो. एका पानात जे साधते, त्यासाठी अख्खे झाड उपटण्याचे कारण नाही.

आस्वादाविषयी

हे पान पाहावयाचे कसे, हेही सांगणे आवश्यक आहे. ते एकाच जागेवरून पाहू नये. दृष्टीचा कोन बदलला की चमक कमी-अधिक होते. रंगद्रव्याने रंगलेल्या पृष्ठभागात हा गुण त्या प्रमाणात नसतो. पान उजेडाकडे धरून मागून पाहिले तर चांदी लोपून हिरवा रंग प्रकट होतो. ‘एस्कार्गो’ या प्रकारात पानाच्या बुडाचा एक कान वाढत जाऊन शंखाप्रमाणे वळसा घेतो. वंशाची स्वाभाविक असममितीच तेथे पराकोटीस गेलेली दिसते. अशा रीतीने निरीक्षण केले म्हणजे सौंदर्य आणि रचना या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत.

सारांश, बेगोनियाची चांदी हा रोग नव्हे, उणीवही नव्हे. तो पानाच्या आंतररचनेचा दृश्य परिणाम आहे. सह्याद्रीच्या पावसाळी वनस्पतींतही ठिपकेदार व फिकट पट्ट्यांची पाने आढळतात. त्यांपैकी कोणती हवेच्या पोकळ्यांमुळे तशी दिसतात आणि कोणती हरितद्रव्याच्या अभावामुळे, याची पाहणी एक पिचकारी व पेलाभर पाणी एवढ्या साधनांनिशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एका पावसाळ्यात करता येईल. तिला सूक्ष्मदर्शकाखालील छेदांची जोड दिल्यास उपयुक्त माहिती हाती येईल यात शंका नाही.