नेट बंद, वही उघडी

सायंकाळी सात ते नऊ हा इतवारीच्या बाजारातील घाईचा काळ. दिवसभर उन्हाने घरात कोंडलेले ग्राहक याच वेळी बाहेर पडतात आणि नेमक्या याच वेळी दुकानाच्या वरच्या मजल्यावर घरातील मुलगा वा मुलगी सीए इंटरमीजिएटचे पुस्तक उघडून बसलेली असते. मोबाइल मात्र बहुधा गादीचा आणि अभ्यासाचा एकच. त्यावर बाहेरगावच्या व्यापाऱ्याची ऑर्डर येते, यूपीआयने रक्कम जमा झाल्याचा संदेश येतो, पाठोपाठ मित्राने धाडलेली गमतीची चित्रफीत येते, आणि लेखापरीक्षणाच्या प्रकरणातून उठलेले मन तासभर परतत नाही. नोकरदाराच्या घरी संध्याकाळी इंटरनेट बंद ठेवता येते. व्यापाऱ्याच्या घरी ते धंदा बंद ठेवण्यासारखे आहे. अडचण खरी इथेच आहे.

पूर्वी नागपूरची अनेक मुले सीएच्या शिकवणीसाठी पुण्या-मुंबईला खोली घेऊन राहत. आता त्याच शिक्षकांची व्याख्याने पेनड्राइव्हवर किंवा एकदाच डाउनलोड करून घरी ऐकता येतात. त्यांची रचना व्यापाऱ्याला पटावी अशी आहे. व्याख्यान बहुधा एकाच संगणकावर चालते, ते किती वेळा पाहता येईल याला मर्यादा असते आणि ठरावीक महिन्यांनी मुदत संपते. एकदा नोंदणी झाली की पुढे इंटरनेट लागत नाही, किंवा क्वचितच लागते. (मित्राच्या पेनड्राइव्हवरून कुलूप तोडून प्रत काढून देणारेही भेटतात. अचौर्याचा पाठ लहानपणीच घेतलेल्या घरांत याविषयी अधिक लिहिण्याची गरज नसावी.) ज्यांना शुल्क परवडत नाही त्यांनाही मार्ग आहे. यूट्यूबने भारतात चित्रफिती साठवून ठेवण्याची सोय २०१४ च्या डिसेंबरात सुरू केली. तेव्हा साठवलेली फीत इंटरनेटशिवाय ४८ तास पाहता येत असे.

एकच व्याख्यान इंटरनेटवर ऐकणे आणि साठवून ऐकणे यांत फरक तो काय, असा प्रश्न वडीलधारे विचारतात. फरक शेजारात आहे. इंटरनेटवर व्याख्यान संपण्यापूर्वीच बाजूला दहा दुसऱ्या फिती मांडलेल्या असतात आणि एक संपताच पुढची आपोआप सुरू होते. साठवलेले व्याख्यान संपले की पडदा रिकामा राहतो. मग वहीकडे वळण्यावाचून गत्यंतर नसते. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आवाज बंद केलेला फोन काहींच्या टेबलावर, काहींच्या खिशात वा पिशवीत आणि काहींच्या बाबतीत दुसऱ्या खोलीत ठेवला होता. फोन दुसऱ्या खोलीत असलेल्यांची कामगिरी टेबलावर फोन असलेल्यांपेक्षा सरस ठरली. पुढच्या काही चाचण्यांत हा परिणाम इतका ठळक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. पण फोन गल्ल्यापाशी आणि लॅपटॉप माडीवर, ही व्यवस्था करून पाहण्यास खर्च काहीच नाही.

एकट्या मुलावर हा निग्रह सोपवणे मात्र अन्यायाचे होईल. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला, तो मुलांच्या अभ्यासासाठी. पण बंद मोठ्यांचेही होते. खाली आजोबा मोठ्या आवाजात फिती पाहत असतील, तर वर नातवाच्या निग्रहाला किती बळ राहील? सामायिकासाठी ४८ मिनिटे बैठक मोडू न देणारी माणसे घरात असताना तेवढाच अवधी नातवंडाच्या एका व्याख्यानासाठी राखणे अशक्य वाटू नये.

या पद्धतीत एक मोठा धोका आहे, आणि तो व्यापाऱ्याच्या चटकन ध्यानात येईल. साठवणे म्हणजे शिकणे नव्हे. दीडशे तासांची व्याख्याने लॅपटॉपवर आली की मनाला उगाच समाधान वाटते, जसे गोदाम भरल्यावर वाटते. विक्री झाली नाही तर तो माल पडून राहतो. त्यात हा माल नासणारा आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. म्हणजे १९६१ च्या कायद्याची कलमे शिकवणारी व्याख्याने पुढच्या परीक्षांना किती उपयोगाची, ते तपासलेच पाहिजे. वस्तू व सेवा कराचे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलले, हे तर दुकानात बसणाऱ्याला वेगळे सांगायला नको. मोठ्या भावाचा जुना पेनड्राइव्ह धाकट्याच्या हाती देण्यापूर्वी, कोणत्या परीक्षेला कोणत्या तारखेपर्यंतच्या दुरुस्त्या लागू आहेत हे सीए संस्थेच्या घोषणेत पाहावे. हिशेबशास्त्राची मूलतत्त्वे जुन्या व्याख्यानातून शिकण्यास फारशी हरकत नाही. कराच्या बाबतीत ती काटकसर अंगाशी येते.

वेळही आता मोजका आहे. फाउंडेशन आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा २०२४ पासून वर्षातून तीनदा होऊ लागल्या, त्यामुळे संधी वाढल्या, पण ‘पुढच्या वेळी पाहू’ हा मोहही वाढला. प्रशिक्षणाचा काळ तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला असला, तरी त्या दोन वर्षांत दिवस कार्यालयात जातो आणि अभ्यासाला उरते ती पहाट आणि रात्र. म्हणून रविवारी दुपारी आठवड्याची व्याख्याने उतरवून घ्यावीत, आठवड्यात झेपतील तेवढीच. ऐकताना अडलेले प्रश्न लगेच शोधू नयेत; एका प्रश्नासाठी उघडलेले इंटरनेट तासाभराने बंद होते. ते वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहावेत. रात्री नऊला खाली शटर ओढले जाते, दिवसाचा हिशेब जुळतो आणि गल्ल्यावरचा फोन मोकळा होतो. प्रश्नांचे पान तेव्हा उघडावे. त्यांतले निम्मे तोवर पुढच्या उदाहरणात सुटलेले असतात, उरलेले शिक्षकांना पाठवावेत.