अंधूक दीर्घिकांसाठी ‘आयफॉस्क’

पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नरजवळच्या गिरावलीत 2006 पासून आहे. तिच्यावरचा मुख्य कॅमेरा म्हणजे ‘आयफॉस्क’. एका चित्रात मावणारं आकाश पूर्णचंद्राच्या व्यासाच्या साधारण एक तृतीयांश रुंदीचं, म्हणजे तसं चिमुकलंच. दूरच्या दीर्घिकेतून येणारे फोटॉन मोजके, म्हणून प्रकाश बराच वेळ साठवावा लागतो. पण प्रकाशाप्रमाणेच उष्णतेनेही कॅमेऱ्याच्या प्रकाशग्राही सीसीडी चिपमध्ये इलेक्ट्रॉन सुटतात आणि खऱ्या नोंदीत मिसळतात. त्यामुळे चिप द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवतात. प्रकाशाच्या वाटेत ग्रिझम, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवणारा लोलक, सरकवला की चित्राऐवजी वर्णपट मिळतो. त्यातल्या रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या, यावरून दीर्घिकेच्या अंतराचा अंदाज बांधतात. देखण्या चित्रापेक्षा संशोधकांना या वर्णपटाचंच मोल अधिक.