स्कॉटलंडच्या चर्चमधील समलिंगी संबंधविषयक वाद

स्कॉटलंडच्या प्रेसबिटेरियन राष्ट्रीय चर्चमध्ये, समलिंगी संबंधात राहणाऱ्या व्यक्तीस पाळकपद देता येईल काय, या प्रश्नावरून २००९ साली उद्भवलेला व निरनिराळ्या स्वरूपांत २०२२ पर्यंत चाललेला सैद्धांतिक वाद. वादविषयाइतकीच तो हाताळण्याची पद्धतीही अभ्यसनीय आहे.

या चर्चमध्ये बिशप नाहीत. स्थानिक मंडळीचा कारभार पाळक व वडील यांचे ‘कर्क सेशन’ पाहते. त्यावर प्रादेशिक ‘प्रेसबिटेरी’ आणि सर्वांत वर मे महिन्यात एडिंबरो येथे भरणारी ‘जनरल असेंब्ली’, अशी सभांची रचना आहे. पाळकास पाचारण करते ती मंडळी. त्यास मान्यता देते ती प्रेसबिटेरी. १६९७ च्या ‘बॅरिअर ॲक्ट’नुसार सिद्धांत, उपासना, शिस्त वा शासनपद्धती यांत कायमचा बदल करणारा ठराव प्रथम सर्व प्रेसबिटेऱ्यांकडे जातो व बहुसंख्य प्रेसबिटेऱ्या अनुकूल असल्या तरच पुढील असेंब्लीस तो संमत करता येतो. यामुळे निर्णय लांबतो; पण एका बैठकीच्या आवेगात सिद्धांत बदलला जात नाही. याखेरीज १९२१ च्या घोषणात्मक कलमांनी, श्रद्धेच्या गाभ्यात न मोडणाऱ्या मुद्द्यांवर मतस्वातंत्र्य मान्य केले आहे. साहजिकच विवाहविषयक शिकवण गाभ्यात मोडते की नाही, हाच वादाचा खरा कणा ठरला.

ॲबर्डीन येथील क्वीन्स क्रॉस मंडळीने स्कॉट रेनी या समलिंगी पाळकास पाचारण केले व प्रेसबिटेरीने ते मान्य केले. त्याविरुद्धची तक्रार असेंब्लीपुढे आली. २३ मे २००९ रोजी ३२६ विरुद्ध २६७ मतांनी प्रेसबिटेरीचा निर्णय कायम झाला. त्याबरोबरच असेंब्लीने अशा नव्या नेमणुकांना स्थगिती दिली आणि विशेष आयोग नेमला. आयोगाच्या अहवालानंतर २०११ मध्ये ३५१ विरुद्ध २९४ मतांनी बदलाच्या दिशेने विचार करण्याचे ठरले व काम धर्मशास्त्रीय आयोगाकडे गेले.

२०१३ साली माजी मॉडरेटर ॲल्बर्ट बोगल यांनी सुचविलेला तोडगा असा : चर्चची परंपरागत शिकवण कायम राहील, मात्र ज्या कर्क सेशनांना तीपासून दूर जाण्याची इच्छा असेल, त्यांना तशी मुभा असावी. तर्कदृष्ट्या हा तोडगा दुबळा आहे. परंपरावाद्यांच्या मते शास्त्रवचनाने निषिद्ध ठरविलेली गोष्ट सेशनच्या मताने विहित होऊ शकत नाही. सुधारणावाद्यांना आपण केवळ अपवाद म्हणून सहन केले जातो, याचे शल्य वाटले. तरीही कोणावरही सदसद्विवेकाविरुद्ध सक्ती नाही, हे सूत्र उभयपक्षी निभावता आले. प्रेसबिटेऱ्यांत ३१ विरुद्ध १४ असा कौल मिळाल्यावर १६ मे २०१५ रोजी नागरी भागीदारीतील पाळकांविषयीचा कायदा ३०९ विरुद्ध १८२ मतांनी संमत झाला. समलिंगी विवाह दरम्यान देशाच्या कायद्याने वैध ठरले होते. २०१६ मध्ये ही मुभा विवाहित पाळकांनाही मिळाली. समलिंगी विवाह लावण्याची परवानगी २०२२ मध्ये २७४ विरुद्ध १३६ मतांनी देण्यात आली. ती इच्छुक पाळकाने मागून घ्यावयाची असते. इतरांवर बंधन नाही.

स्कॉटिश चर्चला फुटीचा इतिहास नवा नाही. जमीनदारांनी मंडळीवर पाळक लादू नये, या मुद्द्यावर १८४३ साली सु. ४५० पाळक बाहेर पडले व ‘फ्री चर्च’ स्थापन झाले. मुंबईतील मिशनरी जॉन विल्सन (१८०४–७५) हेही त्या पक्षास मिळाले. या वेळी तशी मोठी फूट पडली नाही, परंतु काही मंडळ्या व पाळक बाहेर पडले. ग्लासगोतील सेंट जॉर्जेस ट्रॉन मंडळी २०१२ मध्ये विभक्त झाली, तेव्हा तिला आपली उपासनावास्तू सोडावी लागली. वास्तू चर्चकडे राहिली. शेजारच्या आयर्लंडमधील प्रेसबिटेरियन चर्चनेही २०१८ मध्ये स्कॉटिश चर्चशी असलेले औपचारिक संबंध सैल केले व त्याच्या मॉडरेटरांस आपल्या महासभेचे निमंत्रण देणे थांबविले.